बर्फावरची माती

आमच्या पदुम गावात घरोघरी हिवाळाभर मातीची पोती राखून ठेवतात. एप्रिल निम्मा झाला की बायका ती माती शेतातल्या बर्फावर पसरतात. काळ्या मातीला ऊन लागतं, बर्फ लवकर वितळतो आणि पेरणीला पंधरा-वीस दिवस जास्त मिळतात. पोती संपली की संपली. नवी माती खणायची तर जमीनच दिसत नसते.

माझी शेजारीण यांगडोल दरवर्षी सगळ्यांच्या शेवटी माती टाकायची. पण त्या वर्षी तिचा नवरा तुंडुप अंथरुणाला खिळला होता. खिडकीतून त्याला त्यांचं जवाचं शेत दिसे.

"एकदा काळं शेत बघू दे, मग खुशाल न्या मला," तो म्हणायचा.

"एवढं धूड उचलणार कोण?" असं म्हणत ती त्याच्या तोंडाशी चहा धरायची.

सव्वीस मार्चला ती माझ्याकडे आली. "आचे, तुझ्या वहीत बघ. आता पुन्हा मोठा बर्फ पडेल का गं?"

आचे म्हणजे ताई. मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. रोजचं हवामान टिपून ठेवलेल्या अकरा वर्षांच्या वह्या मी चाळल्या. नऊ वर्षं त्या तारखेनंतर मोठा बर्फ नव्हता. तेवढंच मी तिला सांगितलं. उरलेली दोन वर्षं तिच्या तोंडाकडे बघून सांगवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिने सगळी पोती रिकामी केली. बायका हसल्या. "एवढी घाई? जावई येतोय की काय?"

"हो, तुझ्या सासूला पळवून न्यायला!"

तीन दिवसांत बर्फ खचू लागला. चौथ्या दिवशी आभाळ भरलं आणि अडीच दिवस बर्फ पडत राहिला. माती गाडली गेली. शेजारणींनी एकेक पोतं देऊ केलं, पण पडत्या बर्फात टाकणार कुठे?

"परत पांढरं झालं का गं?" तुंडुपने विचारलं.

"छे! खिडकीवर दव धरलंय."

पाच एप्रिलला तो गेला. शेत काळं झालं मे महिन्यात.

पेरणीनंतर मी तिच्याकडे गेले आणि त्या दोन वर्षांचं सांगून टाकलं. ती लोकर विंचरत होती. हात थांबले नाहीत.

"ठाऊक होतं, आचे. जन्म इथेच गेला माझा. पण आता शेत काळं होईल, हे त्याला सांगायला कुणाचा तरी शब्द हवा होता."