शकुनबाईंच्या ओसरीतला कॅमेरा

तिवस्याच्या शकुनबाईंना एकटेपणाचं फार दुःख नव्हतं. झेंडूचा एकरभर मळा, घराची ओसरी आणि दुपारची पार्बताबाई, एवढ्यावर त्यांचं बरं चाललं होतं. पार्बताबाई गावात भाजी विकायची. टोपली रिकामी झाली की शकुनबाईंच्या ओसरीत येऊन टेकायची. दोघी मिळून भाकर-ठेचा खायच्या आणि मग सुनांपासून सरपंचापर्यंत एकेकाची सालटी काढायच्या. नवरे दोघींचेही गेलेले. हसणं तेवढं शाबूत होतं.

शकुनबाईंचे मालक शेषराव वावरात एकटे असतानाच गेले. संध्याकाळपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. ते त्यांच्या मुलाच्या, रोहितच्या, काळजात रुतून बसलं होतं. यंदा आई अंगणात घसरून पडली, तसा तो पुण्याहून धावत आला आणि ओसरीच्या खांबावर कॅमेरा ठोकवून गेला. तो कॅमेरा पाहायचा, ऐकायचा आणि कहर म्हणजे बोलायचासुद्धा. "आई, गोळी घेतलीस का?" "आई, हा तिसरा चहा." सासू मरून कैक वर्षं झाली होती, आता तिच्या जागी हा खांब! पण लेकराची माया आहे म्हणून शकुनबाई निमूट ऐकत गेल्या.

एका दुपारी दोघींचं जेवण चाललं असताना खांब बोलला, "आई, काकूंना रागिणीबद्दल काय सांगत होतीस?"

रागिणी म्हणजे रोहितची बायको. पार्बताबाईच्या हातातला घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवसापासून ती ओसरी चढेना.

"तुह्या खांबाले कान हायेत माय," रस्त्यावरूनच ती म्हणाली. "मी आपली इथूनच जातो."

शकुनबाईंच्या घशाखाली भाकर उतरेना. बोलायला माणूस नाही, तर ठेच्याला चव कुठून यावी?

दसरा आला. दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा करायची, ही शेषरावांच्या घरची रीत. शकुनबाईंनी विळा पुजला, खुरपं पुजलं, फवारणीचा पंप पुजला. मग खांबाकडे लक्ष गेलं. तोही लेकानं आणलेला, घर राखणारा. त्यालाच कसं वगळायचं? स्टुलावर चढून त्यांनी कॅमेऱ्याच्या डोळ्यावर आणि खालच्या कान-तोंडाच्या भोकांवर ओल्या हळदी-कुंकवाची बोटं ओढली, वर झेंडूची माळ घातली आणि हात जोडले.

आपट्याची पानं द्यायला पार्बताबाई फाटकाशी आली होती. माळेखाली झाकलेला खांब पाहून तिनं तोंडाला पदर लावला.

"देव झोपला वाटते तुहा," ती म्हणाली आणि ओसरी चढली.

किती दिवसांनी दोघी पोटभर बोलल्या! शकुनबाईंना तर रडूच आलं. "काहून रडून राहिली वं?" म्हणत पार्बताबाईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

तिकडे पुण्यात रोहितच्या मोबाइलचा पडदा लालभडक झालेला, आवाजही बंद. आईचा फोन आत देव्हाऱ्याजवळ वाजत राहिला. घाबरलेल्या रोहितनं कॅमेरा बसवून देणाऱ्या, गावातल्याच धर्मेंद्रला पिटाळलं. धर्मेंद्रनं माळ काढली, फडक्यानं काच आणि भोकं पुसली आणि खांब ताबडतोब बोलला, "नेमका आजच कॅमेरा झाकलेला, आणि नेमक्या आजच काकू घरात. आई, कपाट बघून घे."

याच रोहितला पार्बताबाईनं कडेवर घेऊन गावभर मिरवलं होतं. ती उठली. टोपली उपडी करून दाखवली, पदर झटकला, कमरेची चंची उलटी केली. सुपारीचं खांड तेवढं पडलं.

"पाह्य बाबू," ती खांबाकडे तोंड करून म्हणाली, "नीट पाह्य." आणि गेली.

शकुनबाई तिच्या घरी जाऊन पाया पडल्या. रोहितनंही फोनवर माफी मागितली. पार्बताबाईनं चहा दिला, राग नाही म्हणाली, पण ओसरीत पुन्हा काही आली नाही. शकुनबाई तिच्याकडे जायच्या, तर आई दिसत नाही म्हणून दहा मिनिटांत फोन. मग त्यांनीही जाणं सोडलं. लेकाच्या जिवाला घोर नको.

दिवाळीच्या तोंडावर रोहित खांबातून आनंदानं म्हणाला, "आई, दोन आठवडे झाले, घरात एकही परका माणूस नाही. आता मला शांत झोप लागते."

"झोप बाबू," शकुनबाई म्हणाल्या, आणि त्याला दिसेल अशा बेतानं खांबासमोर बसून राहिल्या.