औरंगपुऱ्यातले गार्डचाचा

मी पदवीधर झालो तो कुणामुळे, असे कुणी विचारले तर मी आधी गार्डचाचांचे नाव घेतो. आईवडील यावर रागावत नाहीत. वैजापूरकडच्या खेड्यातून मला शहरात आणून त्यांनीच चाचांच्या हवाली केले होते.

चाचा मालगाडीचे निवृत्त गार्ड. औरंगपुऱ्यामागच्या गल्लीत त्यांचे घर होते आणि गच्चीवरची पत्र्याची खोली मला भाड्याने मिळाली होती. त्यांच्या खिशात कायम छोटी पाणसळ असे. स्टूल, खाट, चहाचा ट्रे, दिसेल त्यावर ती ठेवून ते बुडबुडा मधोमध येतो का, म्हणजे वस्तू सपाट आहे का, ते पाहत. चाची म्हणायच्या, "मेरे सर पे भी रख के देखो एकदा."

त्या खोलीत निम्मा मी आणि निम्मी चाचांची रेल्वे. वीतभर डब्यांची खेळण्यातली गाडी चालवायची म्हणून त्यांनी लाकडी चौकटीवर प्लायवूड ठोकून एक मोठा पाट बनवायला घेतला होता. महिने गेले तरी रुळाचा पत्ता नाही. मी विचारले, "चाचा, गाडी कधी?" तर म्हणाले, "मियां, खालचं लाकूड हललं की गाडी पडती, अन् नाव पटरीचं खराब व्हतं. ठहरो जरा."

अखेर रूळ बसले आणि मे महिन्यात पत्रा तापून पाट वाकला. चाचांनी सगळे रूळ उखडले. "लई दमलो रे," एवढेच म्हणाले आणि पुन्हा पहिली फळी उचलली.

दुसऱ्या वर्षी मी दोन विषयांत नापास झालो आणि गावी परतायला ट्रंक भरली. चाचांनी ट्रंकेकडे पाहिले. "जा ना. पण जाताना हे टोक धर जरा." ते टोक धरता धरता संध्याकाळ झाली आणि शेवटची बस गेली. सकाळी पाहतो तर पाटाच्या कोपऱ्यात खडूची रेघ मारलेली. "ही जागा तुझ्या किताबांची. पटरी मी हितून वळवतो." ते वळण इतके आखूड झाले की लांब डबे तिथे घसरायचे. चाचांनी लांब डबे कपाटात ठेवून दिले.

मी पास झालो, नोकरीला लागलो, शहरातच पुंडलिकनगरात राहू लागलो. गेल्या वर्षी चाचांचे घर विकले गेले. लेक दोघांना नांदेडला नेणार होती. सामान काढताना लक्षात आले की पाट खोलीतच एकसंध बांधलेला, दारातून निघेना. चाची म्हणाल्या, "उम्रभर गाड्या स्टेशनबाहेर काढल्या, अन् घरची गाडी दारात अटकली!" घर घेणारा म्हणाला, राहू द्या, भंगारात घालतो.

चाचा खाटेवर बसले. मग मला म्हणाले, "काप."

कापायच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना पितळी स्क्रू बसवायचे, त्यांना रूळ कथलाचा डाग देऊन पक्के करायचे, म्हणजे कापताना ते जागचे हलत नाहीत, हे त्यांनी बसल्या बसल्या सांगितले. आरी मी धरली. ती रुळावर आली तेव्हा ते पाणी प्यायला उठले. ग्लास भरला आणि तसाच ठेवला.

दोन्ही अर्धे पाट टेम्पोतून माझ्या घरी आले. चाचांना आता फोनवर ऐकू येत नाही, म्हणून परवा पत्र पाठवले:

"चाचा, सलाम. दोन्ही पाट हॉलमध्ये मांडून जोडले. पण जोडावर एक रूळ केसभर वर राहतो आणि डबा तिथेच पडतो. कंपनीतून आल्यावर रोज थोडे घासतो, मग बसल्या जागीच डोळा लागतो. काल एका पायाखाली चकती घातली तर दुसरी बाजू बिघडली. घरातले म्हणतात, सुताराला बोलवा. मी नको म्हणालो. जोडाचे बोल्ट सैलच ठेवले आहेत, तुम्ही आल्याशिवाय आवळणार नाही. गुडघ्यांचे कारण सांगू नका, आमचे घर तळमजल्यावर आहे. चाचींनाही आणा. स्टेशनवर मी येतो."