भीमराजचं पॅकेज

नगरजवळच्या नागापूरला टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवणारा भीमराज साळवे फुकट काम करतो, हे कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. जन्मभर मी कामगारांना सांगत आलो, घामाचा दाम मागा. आणि हा गडी दुकान आवरून परक्या मुलखातल्या लोकांसाठी कॉम्प्युटरवर बसतो!

मालक कोण, विचारलं. मालकच न्हाई, म्हणाला. मग मला राहवेना, सगळं खोदून विचारलं.

लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटची प्रणाली, त्याला मासिकाबरोबरच्या सीडीवर मिळाली होती. ती कुणा एकाच्या मालकीची नाही. देशोदेशीच्या लोकांनी तिच्यातला एकेक प्रोग्रॅम सांभाळायला वाटून घेतलेला. भीमराजकडे गप्पा मारायचा प्रोग्रॅम होता. लिहिणारा फिनलंडचा. त्यानं दुरुस्ती केली की ती आणायची, लिनक्समध्ये नीट बसवायची, त्याचं पॅकेज बांधून लिनक्सवाल्यांना पाठवायचं.

"गावच्या हातपंपासारखं हाय, दादा," तो म्हणाला. "बसवनाऱ्याचं नाव हुतं. पन वायसर कुनीतरी बदलाया पायजे ना."

नव्याण्णव सालच्या उन्हाळ्यात गप्पांच्या सर्व्हरवाल्यांनी रीत बदलली आणि जुना प्रोग्रॅम दारातच अडकला. लिनक्सची पुढची सीडी निघायची होती. दुरुस्त पॅकेज दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पोचलं नाही, तर भीमराजचा प्रोग्रॅम त्यातून वगळणार होते.

नगरहून इंटरनेट म्हणजे पुण्याला एसटीडी. मोठी फाईल निम्म्यात तुटायची. म्हणून पुण्याच्या कॉलेजातला त्याचा दोस्त प्रवीण ती फ्लॉपीवर उतरवून एसटीवाल्यांकडे द्यायचा, पोरांचे डबे जातात तशी.

दुपारी आम्ही दोघं माळीवाडा स्टँडवर गेलो. गहिनीनाथ ड्रायव्हर मोठ्या तोऱ्यात खाली उतरला. कंडक्टरच्या पेटीत चेंगरते, म्हणून आज फ्लॉपी देवाच्या पायाशी ठेवली होती म्हणे. भीमराजनं केबिनमध्ये डोकावून पाहिलं. काचेजवळच्या पत्र्यावर छोटी मूर्ती घट्ट चिकटलेली. तळाला लोहचुंबक.

दुकानात येऊन फ्लॉपी घातली. कॉम्प्युटर नुसता घरघरला. चुंबकानं सगळं पुसलेलं.

मी गहिनीनाथाच्या नावानं तोंड सोडलं. भीमराजनं मलाच गप्प केलं. "त्यानं जपूनच ठेवली हुती, दादा. चुंबकाचं आपन त्याला कधी सांगितलं?"

दुसरी फ्लॉपी मागवावी तर ती रात्री येणार, मग पॅकेज परत पुण्याला कधी जाणार? भीमराजनं प्रवीणला फोन लावला. जुनी आवृत्ती आपल्याकडं आहेच, नव्यात बदललेल्या ओळी तेवढ्या वाचून दाखव, म्हणाला. रिसीव्हर माझ्या कानाला. प्रवीण तिकडून सांगतोय, मी इकडं मोठ्यानं म्हणतोय, "महिरपी कंस उघडा, टिंब, अर्धविराम." मोर्चात घोषणा दिलेला गळा माझा, शेजारचा पंक्चरवाला येऊन उभा राहिला. कुणाचा मंत्र चाललाय, विचारू लागला.

ओळी टाकून झाल्यावर भीमराजनं पुण्याची लाईन जोडली. प्रोग्रॅमनं क्षणभर विचार केला आणि आत गेला. पडद्यावर ब्राझीलच्या कुणा माणसाचं वाक्य उमटलं: तुमच्याकडं किती वाजले? मी भिंतीवरचं घड्याळ पाहून मुकाट्यानं सांगितलं. भीमराजनं टाईप केलं. इतक्या लांबचा माणूस, आणि पहिला प्रश्न हाच!

पॅकेज घेऊन मीच निघालो. कुणाच्या हवाली करायचा आता जीव होईना. गाडी नेमकी गहिनीनाथाची. त्यानं केबिनजवळची जागा पुसून दिली. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. फ्लॉपी बंडीच्या आतल्या खिशात.

पुण्यात प्रवीण कॉलेजची लॅब उघडी ठेवून वाट बघत होता. फाईल गेली. थोड्या वेळानं स्वीकारल्याची मेल आली. मी एसटीडी बूथवरून भीमराजला कळवलं. शाबासकीचे चार शब्द जुळवूनही ठेवले होते.

"लागलं ना?" एवढंच त्यानं विचारलं. मग म्हणाला, "प्रवीनला म्हनावं, जर्मनीवाल्याची तक्रार आलीय का बघ. त्याच्याकडं आपल्या प्रोग्रॅमचा आवाज वाजत न्हाई म्हनत हुता."