जोगकाकांचं खातं

आमच्या वाचनालयाची वेबसाइट आता माझ्याकडे आली आहे. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईला वेळच वेळ असतो, असा सगळ्यांचा समज आहे. ग्रंथपाल सुनंदाताई शेजारी बसून शिकवतात. मजकूर कुठे लिहायचा, फोटो कसा चढवायचा, हे आठवड्यात जमलं. मग त्या म्हणाल्या, "बाई, आता जोगकाकांचं खातं काढून टाका. गेलेल्या माणसाचं खातं उघडं कशाला?"

जोगकाका साइटवर नव्या पुस्तकांबद्दल दोन-दोन ओळींची टिपणं लिहायचे. यादीत त्यांच्या नावापुढे दोनशे अकरा टिपणं होती, माझ्या नावापुढे शून्य. मी खातं काढून टाकायला गेले, तर पडद्यानं विचारलं, या व्यक्तीच्या मजकुराचं काय करायचं? पुसायचा, की दुसऱ्या कुणाच्या नावे करायचा? दुसरं कुणी म्हणजे मीच.

माणूस गेला की आपण त्याचे कपडे वाटतो, चष्मा ठेवतो, आणि त्याचे शब्द हळूहळू आपलेच म्हणून वापरू लागतो. ते कुणी विचारून करत नाही. इथे रोखठोक विचारलं होतं. मी एक टिपण उघडलं. 'सत्तराव्या पानापर्यंत कंटाळा येईल. सोडू नका.' हे माझ्या नावावर? मी ते पुस्तक हातातही घेतलं नव्हतं.

"झालं का?" सुनंदाताईंनी विचारलं.

"नाही. राहू दे खातं. पासवर्ड तेवढा बदलते."

ते पुस्तक घरी आणलंय. आज बावन्नाव्या पानावर आहे. कंटाळा येतोय खरा.