हॉर्न वाजायच्या आतली भाकरी

चौधरीसरांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. पळस्पे फाट्यावरच्या खानावळीत मी भाकऱ्या थापते. एके दुपारी एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ थेट स्वयंपाकघरात शिरले आणि माझ्या तव्याकडे बघत उभे राहिले.

मी म्हटलं, "भाकरी टेबलावर येते. चुलीजवल नाय."

"यायला किती वेळ लागतो, तेच बघतोय," ते म्हणाले.

आज त्याच सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्याबद्दल चार शब्द लिहा, असं मला सांगितलं आहे. चारात माझं भागत नाही, हे सांगणाऱ्यांना ठाऊक असायला हवं होतं.

खानावळीच्या शेठनी सरांना आम्हा कामगारांना शिकवायला बोलावलं होतं. त्यांच्याआधी एक शिकवणारे येऊन गेले होते. त्यांनी वेटरांना इंग्रजीतून स्वागत करायला आणि कागदी रुमालाची कमळं करायला शिकवलं. टेबलांवर कमळं फुलली, ताटं मात्र रिकामीच. कोकणात जाणाऱ्या बसगाड्या आमच्याकडे वीस मिनिटं थांबतात, आणि माणसं अर्धपोटी उठून पळायची. शेवटी बसवाल्यांचा निरोप आला, महिन्याभरात सुधारा, नाहीतर गाड्या दुसरीकडे थांबवू. गाड्या गेल्या की खानावळ बंद आणि कोन गावच्या आम्ही सगळ्या बायका घरी.

सरांनी आल्या आल्या काहीच शिकवलं नाही. बघत आणि विचारत फिरले. म्हणाले, "धंदा कुठे अडतोय ते कळल्याशिवाय शिकवू काय?" आणि शिकवायचं ते कामाच्या वेळेतच, हे त्यांनी शेठकडून आधीच कबूल करून घेतलं. कुणाला घरचं काम टाकून थांबावं लागलं नाही.

अडत होतं माझ्यापाशी. आमच्यात पाहुण्याच्या ताटात दोन भाकऱ्या एकदम ठेवत नाहीत. ठेवल्या तर 'आटपा आता' म्हटल्यासारखं होतं. पहिली संपली की दुसरी तव्यावरून. बसच्या माणसांनाही मी तशीच धाडायची. मग एक दिवस सरांनी मला प्रवासी करून टेबलावर बसवलं, स्वतः ड्रायव्हर झाले आणि दुसरी भाकरी यायच्या आत तोंडानेच मोठ्ठा हॉर्न वाजवला.

"उठा हिराबाई, गाडी सुटली!"

"सर, तोंडान घास हाय माज्या!"

"त्यांच्याही असतो."

सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. तरी आधी करून ठेवलेली गार भाकरी वाढणार नाही म्हणून मी अडून बसले. सरांनी माझा हट्ट मोडला नाही, तवे वाढवले. मला शिकवणारी केलं आणि दोन वेटरांना माझ्यापुढे परातीशी बसवलं. त्यांच्या पहिल्या भाकऱ्यांनी दारं अडवता आली असती. कंडक्टरने कळंबोलीहून फोन करून किती माणसं, त्यात मासे खाणारी किती ते कळवायचं, हेही सरांनीच ठरवलं. गाडी फाट्यावर वळली की तवे तापलेले, आणि माणसं बसली की दोन गरम भाकऱ्या एकदम ताटात.

महिना भरत आला तेव्हा बसचे मालक स्वतः गाडीतून आले. माणसं गरम भाकरी पोटभर खाऊन वेळेत गाडीत जाऊन बसली. ड्रायव्हर मात्र तिसऱ्या भाकरीवर होता. शेवटी प्रवाशांनीच हॉर्न वाजवला! मालक हसत सुटले. गाड्या आजही आमच्याकडेच थांबतात.

सर पक्के शाकाहारी. माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा नाकाला रुमाल लावून माझ्यासाठी बोंबील घेऊन घरी आले. बोंबील शिळे होते. तेव्हा मी बोलले नाही, आता सांगते. माणूस मात्र ताजा.

सर, देव तुम्हाला उदंड आयुष्य देवो, गुडघे आणि दात शाबूत ठेवो. आता या, निवांत बसा. तुमची गाडी सुटायला पुष्कळ वेळ आहे. तुम्हाला मी एकेक करूनच वाढणार.