नावाड्याच्या मनातलं

"सोंग कोणतंबी घ्या, पण फाशाशी इमान ठेवा."

खेळ मांडण्याआधी सिद्धोधन हे म्हणायचाच. येलदरीच्या वीजघरात तो ऑपरेटर. सुटीच्या रविवारी सकाळीच जेवून निघायचा आणि जिंतूरवरून मोटारसायकलनं वालूरला यायचा. वालूरच्या पेठेत दत्तरावांचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरून आलेल्या जळक्या मोटारी, तांब्याच्या तारेची वेटोळी, वॉर्निशचा नाकात बसणारा वास, आणि मधोमध एक पत्र्याचं टेबल. रविवारी दुपारी त्या टेबलावरचे पान्हे-पकडी बाजूला सरकायचे आणि तिथं एक अख्खा मुलूख उभा राहायचा.

खेळ गोष्टीचाच. एकजण सांगत्या, बाकीचे गोष्टीतली माणसं. सांगत्या म्हणतो, पुढं दरी आली, पूल तुटलाय, काय करता? खेळणारा म्हणतो, उडी मारतो. मग वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा पडला तर पलीकडं, लहान पडला तर दरीत. नांदेडला शिकत असताना सिद्धोधनच्या खोलीतल्या पोराकडं या खेळाचं इंग्रजी पुस्तक होतं. त्यानं त्याची झेरॉक्स काढली, अर्धं समजून घेतलं आणि उरलेलं अर्धं आपल्या मनानं रचलं. ते रचलेलं जास्त सकस निघालं, असं वालूरचे खेळणारे आजही छातीला हात लावून सांगतात.

सांगत्या सिद्धोधनच, खेळणारे तिघं. दत्तराव तलवारवाले. योगीराज औषधाच्या दुकानाचा मालक, तो मांत्रिक. आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतली मनिषा, ती तिरंदाज. छत्तिशीची झाली होती. स्थळं यायची थांबली होती, आणि थांबली म्हणून तिला फार वाईटही वाटलं नव्हतं.

सिद्धोधनला तिनं पहिल्यांदा पाहिलं ते चौदा एप्रिलला, जयंतीच्या कार्यक्रमात. त्याला भाषण करायला उभं केलं होतं. तो माईकपुढं गेला आणि गप्प झाला. दोन मिनिटं नुसता घाम पुसत राहिला. खाली पोरं हसायला लागली. मग काय झालं कोण जाणे, त्यानं पाठ वाकवली आणि एका म्हाताऱ्या सालगड्याच्या आवाजात बोलायला लागला. पाऊण तास बोलला. बाया पदरानं डोळे पुसत होत्या. खाली उतरल्यावर मनिषा त्याला म्हणाली, "फार छान बोललात." त्यावर त्यानं मान हलवली आणि आपली चप्पल शोधायला लागला.

तेव्हापासून ती ओळखून होती. या माणसाजवळ चाळीस आवाज आहेत. राजाचा आहे, हडळीचा आहे, टोलनाक्यावरच्या शिपायाचा आहे. स्वतःचा तेवढा नाही. चार वर्षं ती त्याच्यासमोर बसली. चहाचा कप देताना तो तिच्याकडं बघायचा नाही, पण कान तिच्या बोलण्याकडं असायचे. दरवाज्याकडची खुर्ची तिच्यासाठी रिकामी ठेवायचा, तिथं वारा लागतो म्हणून. एवढंच. एवढ्यावर माणूस किती दिवस काढणार?

दिवाळीनंतर तिची तिरंदाज दरीत पडून मेली. नवं पात्र घ्यायची पाळी आली तेव्हा मनिषा म्हणाली, "मला मनातलं ऐकणारी बाई पाहिजे. मंत्र नको, देवाचं वरदान नको. नुसत्या मनाच्या जोरावर."

योगीराज खवळला. "म्हंजे आमी बारा वर्षं तप करून मंत्र शिकायचे आन् ह्या मॅडम फुकटात ऐकणार? मग चोर कोन, खजिना कुठं, समदंच कळंल की. खेळ काय खेळायचा मग, भजे खायचे का?"

"भजे तर आसंबी खायलाव," दत्तराव म्हणाले. "सांगत्याला ठरवू द्या."

सिद्धोधननं तीन रविवार घेतले. चौथ्या रविवारी वही उघडली आणि सांगितलं. धरणाच्या पायथ्याशी एक गाव आहे. तिथं पाण्याचा एवढा आवाज की पिढ्यान् पिढ्या कुणी कुणाशी तोंडानं बोललंच नाही. नजरेनं आणि हातानं बोलता बोलता तिथल्या लोकांना मनातलं ऐकू यायला लागलं. मनिषाला कळलं, हे त्यानं आपल्या वीजघरातूनच आणलंय. यंत्रं फिरायला लागली की तिथं माणसं तशीच बोलतात, हे त्यानं एकदा खेळातल्या पुजाऱ्याच्या आवाजात सांगितलं होतं.

"पण एक अट हाय," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या मनात जायचं तर आधी आपलं दार उघडावं लागंल. त्या घडीला आपल्या मनात जे हाय ते खरं खरं सांगायचं. मग फासा. पंधराच्या वर पडला तर समोरच्याचं खरं ऐकू येईल. सांगत्यालाबी तिथं खोटं बोलता येणार न्हाई."

योगीराजला अट पटली. मनिषानं आपल्या बाईचं नाव रेवती ठेवलं आणि मुद्दाम तीन महिने ती ताकद वापरलीच नाही.

मार्चातल्या रविवारी सिद्धोधन आला तो फासे न काढताच बसला. टेबलाकडं बघत म्हणाला, "बदली झाली. पोफळीला, कोकणात. बुधवारी हजर व्हायचंय."

दत्तरावांनी हातातली तार खाली ठेवली. "आरं, मग आज खेळ कशाला? बोलत बसू."

"न्हाई, खेळू," सिद्धोधन घाईनं म्हणाला. बोलत बसायचं म्हटलं की त्याला धडकीच भरायची.

खेळ नदीपर्यंत येऊन ठेपला होता. पलीकडं किल्ला, मध्ये पाणी, काठावर एकच नाव. नावाडी झाला सिद्धोधन. घोगरा, दमलेला आवाज. तिघांना नावेत घेतलं आणि वल्हं मारायला लागला. मधल्या धारेत मनिषा म्हणाली, "रेवती नावाड्याचं मन ऐकते."

"त्या बिचाऱ्याचं काय ऐकायचं?" योगीराज म्हणाला. "किल्लेदारासाठी ठेवा की मॅडम."

"नावाड्याचंच."

सिद्धोधनचा हात वहीवर थांबला. "आधी दार," तो म्हणाला.

मनिषा रोज चाळीस पोरांपुढं बोलणारी बाई, पण शब्द जुळवायला वेळ लागला. "रेवतीच्या मनात आहे की," ती सावकाश म्हणाली, "पलीकडचा काठ येऊच नये. नावाड्यानं एकदा म्हणावं, थांब. ती थांबेल. तिला किल्ल्याचं काही पडलेलं नाही."

"आन् आमचं काय?" योगीराज म्हणाला. दत्तरावांनी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

मनिषानं फासा टाकला. तो पान्ह्याला आपटला, गरगरला आणि सतरावर थांबला.

बाहेर स्टँडवर सेलूकडं जाणारा एक जीपवाला माणसांसाठी हाका मारत होता. सिद्धोधननं पाठ वाकवली.

"नावाड्याच्या मनात," तो त्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "लय दिसापासून एकच हाय. ही बाई नावंतून उतरू नये. रोज वल्हं मारताना तो तिच्यासंगं बोलतो. तिला ऐकू जात न्हाई, म्हनून बोलतो. पर जीभ उचलत न्हाई त्याची. काठ दिसला की तो नुसता दोर फेकतो."

"मग म्हन की त्याला, फेकू नको दोर," दत्तराव हळूच म्हणाले.

"काठ आला," सिद्धोधन म्हणाला आणि वही मिटली.

निघताना मनिषा त्याच्या मागोमाग पायरीवर आली. पेठेत पाइपलाइनसाठी चर खणला होता, म्हणून मोटारसायकल त्यानं स्टँडजवळ लावली होती. ती म्हणाली, "सिद्धोधनराव, आता इथं नावाडी नाही. मी तुम्हाला विचारते. मला थांब म्हणायचंय का?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदा सरळ पाहिलं. ओठ हलले. मनिषा थांबली. एखादं पोर फळ्यापुढं अडलं की ती थांबते तशी, मदत न करता, घाई न करता.

"जिंतूरला," तो म्हणाला, "भाजी घ्यायचीय. बाजार उठंल."

"बरं," ती म्हणाली.

तो चराच्या कडेकडेनं निघाला. चरावर टाकलेल्या पहिल्या फळीवरून पलीकडं गेला, थबकला, पाठमोराच उभा राहिला, आणि पुन्हा चालायला लागला. उन्हात त्याचा पांढरा शर्ट स्टँडच्या गर्दीपर्यंत दिसत होता. दत्तराव शटरला हात लावून बघत होते. योगीराज त्यांच्या खांद्यावरून बघत होता. मनिषा पायरी उतरून चराच्या काठापर्यंत गेली आणि तिथून बघत राहिली.