चाकाआडचं पिठलं

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोला ना, पण खोटं कशाला बोलता? माझा कंडक्टर गेला त्या आठवड्यात त्याच्याबद्दल जे माझ्या देखत बोललं गेलं, ते आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी एसटीत ड्रायव्हर होतो. शिरूरहून दुपारी निघायचं, तळेगाव ढमढेरेवरून भीमेकाठच्या एका गावाला दिवस मावळता पोचायचं, तिथंच मुक्काम, सकाळी परत. मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हर-कंडक्टरला गावानं जेवू घालायचं, ही तेव्हाची रीत. कागदावर कुठं नव्हती, पण गावांना गाडीचं अप्रूप होतं. आमची गाडी पहिल्यांदा गेली तेव्हा त्या गावानं नारळ फोडला, दोघांना हार घातले. गावातले बडे बागाईतदार, सगळे ज्यांना आप्पा म्हणत, त्यांच्याकडून दोन ताटं आली. वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी आणि वर लोण्याचा गोळा.

आम्ही जेवत असताना शेजारी बसलेल्या आप्पांनी माझ्या कंडक्टरला आडनाव विचारलं. त्यावरून काही उमगेना, म्हणून गाव विचारलं. दौंड म्हटल्यावर, दौंडात कुठं? तो कसले आढेवेढे घेतोय! हातातला घास खाली न ठेवता म्हणाला, "आप्पा, सरळ इचारा की. मी बौद्ध हाय."

आप्पा नुसते हसले. दुसऱ्या दिवशी त्यांचा गडी एक ताट आणि एक पत्रावळ घेऊन आला. ताट मला, पत्रावळ त्याला.

त्यानं पत्रावळ परत दिली, मी ताट परत दिलं. माझं डोकं इतकं फिरलं होतं की आता आप्पांच्या मेथीच्या पाट्या टपावर चढवायच्या नाहीत, असं मी त्याला बजावलं. बाजारच्या दिवशी त्या पाट्या तोच चढवायचा. तर मलाच समजावायला लागला, "पाट्या पाशिंजरच्या हायेत, ते माझं काम हाय. जेवण माझं सोताचं हाय. दोन्हीची गल्लत नगं." पाट्या त्याच्या हातानं चढलेल्या चालत होत्या. तिकीट घेताना आप्पांची बोटं त्याच्या बोटांना लागत, तेही चालत होतं. विटाळ व्हायचा तो फक्त ताटाला.

पुढच्या फेरीला त्यानं दौंडहून वातीचा स्टो, एक पातेलं आणि बेसन आणलं. गाडीच्या मागच्या चाकाआड वारा लागत नसे, तिथं बसून तो पिठलं करायचा. भाकऱ्या घरून बांधून आणलेल्या असत. असं पिठलं शिरूर-दौंडात कुणी करून दाखवावं, अशी त्याची पैज असायची. खरं सांगायचं तर मीठ नेहमी जास्त पडायचं. मी तसं म्हटलं की आधी भांडायचा, मग भाकरीचा जास्तीचा तुकडा माझ्यापुढं सरकवायचा. भांडायला त्याला काहीही पुरायचं. पावसाळा, राजकारण, माझे गिअर. त्याच्याशी भांडण्यात माझी इतकी वर्षं मजेत गेली की घरी सुट्टीच्या दिवशी करमायचं नाही.

मग त्याला कावीळ झाली. त्यानं ती अंगावर काढली आणि गेला. दौंडला त्याला पोचवून आलो तेव्हा स्टो माझ्या सीटखालीच होता.

त्यानंतरच्या पहिल्या मुक्कामाला गाडी उभी केली, तर देवळापुढं त्याच्या शोकसभेला गाव जमलेलं. कंडक्टरला त्या गावात मास्तर म्हणत. आप्पा उठून बोलायला लागले. मास्तर म्हणजे देवमाणूस, कधी कुणाला उलटून बोलला नाही, इतकी वर्षं आमच्या घरचं जेवला, आमच्या घरचाच माणूस गेला. लोक माना हलवत होते. रोज चाकाआड पेटलेला स्टो ह्याच लोकांनी पाहिला होता, आणि एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही. भांडखोर, ताठ कण्याचा माझा दोस्त, त्याचं ह्यांनी पार गरीब गाय करून टाकलं. जिवंतपणी पत्रावळ दिली आणि मेल्यावर नाव घराचं लावलं!

सभा उठली. आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "डायवरसाहेब, आजपासनं दोन ताटं धाडतो. आता काय आडचण न्हाई. नवा मास्तर आपल्यातलाच हाय."

मी त्यांचा हात खाली केला. आजूबाजूच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "आप्पा, तो तुमच्या घरचं एकदाच जेवला. तुम्ही जात इचारायच्या आधी."

मी गाडीकडं आलो, सीटखालचा स्टो काढला. नव्या कंडक्टरला म्हटलं, तुला आप्पांकडं जायचं तर जा. तो घुटमळला, मग गेला. पिठलं मी जन्मात कधी केलं नव्हतं. गुठळ्या झाल्या, मीठ जास्त पडलं. चाकाआड बसून मी एकटाच जेवलो.